रहाटाभोवतीची वई

गिरगाव, मुंबई
५ डिसेंबर १९३५

ती. वन्संना लीलाचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेले पोहे पोचले. भाजून ठेवावेत म्हणत होते, तोवर मुलांनी अर्धे कच्चेच खाल्ले.

बातमी चांगली आहे म्हणून आधी ती सांगते. आपल्या सुमेधाला दादरच्या एका घरातून मागणं आलंय. माणसं मूळची मंडणगडकडची, आता इकडे बंगला आहे. मुलगा वकिलीची परीक्षा झालेला. मुलीला बघून गेले, पसंत आहे म्हणाले. पण मुलाचे वडील भाऊसाहेब जुन्या वळणाचे. मुलीचं मूळ घर बघितल्याशिवाय ते शब्द देत नाहीत. शिमग्याला ते गणपतीपुळ्याला दर्शनाला जाणार आहेत. जाताना आपल्या वारे गावच्या घरी एक मुक्काम करतील.

आता इकडचं म्हणणं ऐका. (मी नुसती निरोप्या.) घर चिरेबंदी, खळं सारवलेलं, सगळं ठीक. पण बेडं उघडून आत पाऊल टाकलं की पहिलं दर्शन होतं ते विहिरीवरच्या पायरहाटाचं आणि त्यावर बसलेल्या भागोजी गड्याच्या उघड्या मांड्यांचं. शेजारी पाणी तापवायची चूल, तिच्यावर काळाकुट्ट हंडा, मागे शेणाचा खड्डा. पाहुण्यांना हे दिसता कामा नये. म्हणून ते सगळं झाकेल असं माडाच्या झापांचं उंच कुंपण, तुमच्याकडची वई, घालून घ्यावी, असं सांगणं आहे.

मी म्हटलं, वन्संना कामं थोडी आहेत का? तर म्हणाले, तूच लिही, आक्का तुला रागावत नाही. मामंजींना नमस्कार. मला इथं दोन बादल्या पाण्यासाठी नळावर भांडून आल्यावर पत्र लिहायला बसावं लागतंय, अक्षर लावून घ्या.

तुमची
लीला

*

वारे, मार्गशीर्ष वद्य ३

चि. सौ. लीलाला आशीर्वाद.

मी तुला रागावत नाही हा श्यामचा समज आहे. रागवायला तू हाताशी असायला हवीस ना. बोटीनं राग पाठवता येत नाही म्हणून तू वाचलीस.

सुमेधाची बातमी वाचून मी पत्र देवापाशी ठेवलं. तू बाळंतपणात अंथरुणाला खिळलीस तेव्हा ही पोर दोन वर्षांची माझ्याकडे आली आणि नवव्या वर्षी परत गेली. तिला ताप आला की मला आधी कळायचं. तेव्हा एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, मागाहून लाजून राहायला नको. मी विधवा बाई, मांडवात पुढं पुढं करणार नाही. मागं भिंतीला टेकून बसेन. पण माझ्या हातच्या अक्षता त्या पोरीच्या डोक्यावर पडल्या पाहिजेत. मला दुसरं काही नको.

वईचं म्हणशील तर विहीर पाणी लागलं तिथं खणली. पुढंमागं लग्नाचे पाहुणे येतील हे आजोबांना सुचलं नाही. पण घालते वई. शिमग्यापर्यंत कशाला थांबायचं, या आठवड्यातच घालते. वाडीतला रामा चिव्याच्या, बारीक बांबूच्या काठ्या तोडून देतो म्हणालाय. शेजारची राही आणि मी झाप विणायला बसलोच आहोत. माणूसभर उंच करते. श्यामला सांग, भागोजीच्या मांड्या काय, त्याची शेंडीसुद्धा दिसणार नाही.

बाबा मात्र आत्तापासून कुरकुरतायत. ओटीवर बसून विहिरीवरून पलीकडचा रस्ता बघणं एवढाच त्यांचा उद्योग. "वई घाल हो, आणि मला आत कोंडून घाल," म्हणाले. दिसतं त्यांना अर्धंमुर्धं, पण बघायचं सोडत नाहीत.

हल्ली माझे गुडघे फार दुखतात. वय झालं, दुसरं काय.

आक्का

*

गिरगाव, मुंबई
४ जानेवारी १९३६

ती. वन्संना नमस्कार.

वई झाल्याचं कार्ड मिळालं. इकडे स्वारी खूष आहे. "आक्काला एकदा सांगितलं की काम झालंच," असं दोन वेळा म्हणून झालं.

पण वन्सं, मी तुम्हाला एक विचारते, खरं सांगायचं. परवा दुपारी दारात कोण उभं राहिलं असेल? तुमचा भागोजी. अंगात सदरा, डोक्याला तेल. लालबागला गिरणीत लागलाय, दिवाळीपासून. गाववाल्यांच्या खोलीत राहतो. बायकोला, हौसाला, लुगडं पाठवायचं होतं, कोणी गावी जाणारं आहे का म्हणून विचारायला आला होता. चहा दिला, तर कप तोंडाला लावायच्या आधी म्हणाला, "वयनी, दादांस्नी सांगू नका हां. आक्कांनी शपथ घातलीय."

हे ऑफिसात होते म्हणून बरं. मी अजून बोलले नाही. पण मला झोप लागत नाही. भागोजी दिवाळीपासून इथं, तर मग वईच्या मागं रहाट कोण चालवतं?

लीला

*

वारे, पौष वद्य ३

चि. सौ. लीलाला आशीर्वाद.

मी चालवते.

झालं, लिहिलं एकदाचं. आता कपाळाला हात लावून बसली असशील, तो खाली घे आणि पुढचं वाच.

भागोजीला मी अडवलं नाही. जवान माणूस, इथं राहून काय करणार? गावातले धट्टेकट्टे सगळे तिकडेच गेलेत. राहिलेल्यांना आपापली शेतं आहेत. हौसा मदत करते, पण ती पोटुशी आहे, शिमग्याच्या सुमाराला तिला आठवा लागेल. तिला रहाटावर चढवू? रामा अडीअडचणीला येतो, रोज येत नाही.

श्यामला का सांगत नाही ते तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षीच तो म्हणाला होता, गडी गेला तर माडपोफळींचं आगर कुणाला तरी कसायला देऊ आणि तू नि बाबा मुंबईला या. तुमच्या दोन खोल्यांत तुम्ही पाच, त्यात आम्ही दोघं. बाबा कुठं बसणार? जिन्यात? आणि पोफळी मी लावल्यात गं. इकडे परत आले तेव्हा रडायचं सोडून काहीतरी करायला हवं म्हणून लावल्या. माड एखादवेळ सोसतात, पण पोफळीला पाणी चुकलं की ती मान टाकते.

काम अवघड नाही. फळीवर बसायचं, वरचा दांडा हातानं ओढायचा, खालचा पायानं रेटायचा. लोटे भरून वर येतात, डोणीत रिकामे होतात, पाटानं पाणी झाडांना जातं. पहिल्या दिवशी गंमत वाटते. नंतर पाय आपले राहत नाहीत. संध्याकाळी चुलीपुढं बसले की उठताना भिंत धरावी लागते. मी दमलेय लीला, अगदी मनापासून दमलेय. हे दुसर्‍या कुणाला सांगायची सोय नाही.

तुझ्या नवर्‍यानं वई घालायला सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मला तेच हवं होतं, पण कारण काय सांगायचं ते सुचत नव्हतं. वई नव्हती तेव्हा रस्त्यानं जाणारं माणूस थांबून बघायचं. मोठ्या घरची बाई, लुगडं खोचून गड्याचं काम करते म्हणून काही हसायचे, काही हळहळायचे. हळहळणारे जास्त छळतात. आता कुणी बघत नाही. बाबांनाही वाटतं, आत भागोजीच आहे. "तंबाखू आहे काय रे?" म्हणून ओरडतात. मी आतून पुरुषासारखी घसा खाकरते. मग म्हणतात, "मुंबईला जायचं वेड लागल्यापासून हा बोलेनासा झाला."

सुमेधाचं ठरेपर्यंत श्यामला काही कळू देऊ नकोस. पाहुण्यांना तर नाहीच नाही. तिच्या लग्नात माझ्यामुळं खोट निघाली असं व्हायला नको.

आक्का

*

गिरगाव, मुंबई
१८ फेब्रुवारी १९३६

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं गुपित पोटात ठेवून मी अर्धी झालेय. इकडून "आक्काचं कसं चाललंय" असं विचारणं झालं की मी ताट घासायला उठते.

आता बेत असा. होळीच्या दुसर्‍या दिवशी पाहुणे तुमच्याकडे पोचतील. भाऊसाहेब, त्यांच्या मंडळी आणि मुलगा. बरोबर हे आणि सुमेधा. रत्नागिरी बंदरावरून गाडी, मग खाडी ओलांडायला तर, मग पुन्हा गाडी. दुपारच्या जेवणाला येतील असं धरून चाला. मी येत नाही. धाकट्याला गोवर आलाय, अंग नुसतं लाल झालंय. एरवी मी हे सोडलं असतं का?

वन्सं, पाया पडून सांगते, त्या दिवशी तुम्ही रहाटावर चढू नका. रामाला आधीपासून सांगून ठेवा. तुम्ही चांगलं लुगडं नेसून ओटीवर बसा आणि आत्या म्हणून मिरवा. सुमेधानं सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझ्या आत्याच्या हातचं खाल्लंत तर परत मुंबईला जाणार नाही.

लीला

*

वारे, फाल्गुन वद्य ५

चि. सौ. लीलाला आशीर्वाद.

पाहुणे आले, राहिले, पुळ्याला दर्शन करून गेले. घर आवडलं म्हणाले. पसंती पक्की झाली असं श्यामच्या तोंडून कळलं, म्हणजे तुला ते आधीच कळलं असणार. पोरीचं सोनं झालं.

वई मात्र गेली. होळीला पोरांनी रात्रीत उचलून नेली. तू मुंबईची, तुला इथली रीत ठाऊक नसेल. होळीसाठी लाकूडफाटा चोरूनच आणायचा असतो आणि ज्याची वस्तू गेली त्यानं तोंड उघडायचं नाही. मी तीन महिने झाप बांधून नीट राखले, पण या एका रात्रीचा विचारच केला नाही. दर शिमग्याला कुणाचं तरी बेडं जातं, कुणाचा माच जातो. यंदा आमचा नंबर. बाबा तेवढे आनंदात आहेत. त्यांना रस्ता परत मिळाला.

धाकट्याला जपा. गोवर गेल्यावर खोकला राहतो, वार्‍यात नेऊ नका. बाकी सगळं ठीक. लिहिण्यासारखं काही नाही.

आक्का

*

गिरगाव, मुंबई
२० मार्च १९३६

ती. वन्संना नमस्कार.

धाकटा उठून बसलाय, भूक लागली म्हणून रडतोय. म्हणजे बरा आहे.

वन्सं, तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही एवढं कमी कधी लिहीत नाही.

इकडून मला असं सांगणं झालं की पाहुणे आले तेव्हा तुम्ही घरी नव्हता. मालगुंडला कुणाच्या आजारपणाला गेला होतात. स्वयंपाक शेजारच्या राहीनं केला. मी म्हटलं, वन्सं? सुमेधाच्या पाहुण्यांना टाकून? तर विषय बदलला.

काल भाऊसाहेबांच्या मंडळी इथं आल्या होत्या. माणूस चांगला आहे, बोलका. म्हणाल्या, "तुमच्या आगरातली पोफळ बघून डोळे निवले. आणि ती तुमच्या गड्याची बायको काय कष्टाळू हो! आम्ही बेड्याशी आलो, तर बाई रहाटावर. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आपलं काम चालू." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. हौसाला आठवा आहे, तुम्हीच लिहिलं होतंत.

सुमेधा आल्यापासून धड बोलत नाही. सगळं मनासारखं झालं, मग काय झालं विचारलं तर उठून पापड लाटायला बसते. इतके पापड लाटून झालेत की चाळीतल्या सगळ्यांना पुरतील.

रहाटावर कोण होतं? आणि तुम्ही मालगुंडला कुणाकडे गेला होतात?

लीला

*

वारे, चैत्र शुद्ध ३

चि. सौ. लीलाला आशीर्वाद.

मी मालगुंडला गेले नाही. चुलीपुढं होते. आता सगळं सांगते, पण नवर्‍याशी भांडू नकोस. तुझं भांडण ऐकायला चाळीत कान पुष्कळ आहेत.

होळीच्या दुसर्‍या दिवशी पहाटे उठून बघते तर वई नाही. नुसत्या चिव्याच्या दोन काठ्या उभ्या, त्याही वाकलेल्या. रामाला सांगून ठेवलं होतं, पण गावातले सगळे बाप्ये होळीच्या धुंदीत, तो कुठला येतो? सणाच्या धांदलीत दोन दिवस शिंपणं झालं नव्हतं, धाकट्या पोफळींची पानं लोंबायला लागली होती. म्हटलं, पाहुणे दुपारचे येणार. तोवर डोणी चार वेळा भरून होईल, मग अंघोळ करून चांगलं लुगडं नेसते. बोट कधी वेळेवर आलेली मी बघितली नाही. त्या दिवशी ती वेळेच्या आधी आली.

मी रहाटावर होते. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, डोक्याला उन्हाचा पंचा. हौसा धावत आली, "आक्का, उतरा वो खाली, गाडी आली बेड्याशी." उतरायला गेले तर गुडघा वळेना. तेवढ्यात ते आत आलेच.

भाऊसाहेब थांबले. वाईट बोलले नाहीत, कौतुकानंच विचारलं, "तुमच्याकडे रहाटावर बायका असतात वाटतं? ही कोण?"

श्यामनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्याला बिचार्‍याला तोवर भागोजी गेलेलासुद्धा माहीत नव्हतं. तोंड पांढरंफटक पडलं. मग म्हणाला, "आमच्या गड्याची बायको."

मी तोंड फिरवलं गं. पुन्हा दांडा रेटायला लागले. तेवढं बोलून तो त्यांना घेऊन ओटीवर चढला. सुमेधा एक क्षण मागं राहिली, पायात काटा मोडल्यासारखी उभी. मीच तिला डोळ्यांनी म्हटलं, जा.

त्यानंतर मी त्यांच्यापुढं कशी जाणार? मागल्या दारानं आत गेले, पुरण वाटलं, पोळ्या केल्या. राही वाढायला जायची. भाऊसाहेबांनी विचारलं, घरात बाईमाणूस कोण आहे, तर श्याम म्हणाला, बहीण मालगुंडला गेलीय. बाबा काहीतरी बोलायला गेले, तर त्यानं त्यांना पानाचं तबक आणायला आत पाठवलं. दुसर्‍या दिवशी सकाळी मंडळी पुळ्याला गेली, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सुमेधा मागं राहिली. माझे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसली.

तुला वाटेल मी रागावलेय. रागावण्याइतकी ताकद उरली असती तर बरं झालं असतं. मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. तो शब्द त्याच्या तोंडात इतका तयार होता.

असो. पोरीचं जमलं. लग्नाची तिथी कळव. मी अक्षतांसाठी जुना तांदूळ निवडून ठेवलाय.

आक्का

*

गिरगाव, मुंबई
६ एप्रिल १९३६

ती. आक्कास श्यामचा नमस्कार.

तिथी ठरली. वैशाख शुद्ध दशमी, दादरला त्यांच्याच बंगल्यात. वरपक्षाचा आग्रह पडला, आपली जागा लहान, तेव्हा हो म्हटलं. या दिवसांत मी इतका थकलोय की ऑफिसात कागद पुढं धरला तरी अक्षरं दिसत नाहीत. लीला माझ्याशी कामापुरतंच बोलते. काय कारण ते तुला माहीत असेल.

आक्का, मी विचार करून लिहितोय. बाबांचं वय बघता त्यांना बोटीचा प्रवास सोसणार नाही. त्यांना एकटं ठेवणंही बरोबर नाही. तेव्हा तू बाबांजवळ थांबावंस हे उत्तम. लग्न झालं की सुमेधा आणि जावई पाया पडायला वार्‍याला येतीलच, तेव्हा तू पोटभर कौतुक कर. भाऊसाहेब आणि त्यांच्या मंडळी त्या वेळी बरोबर नसतील.

दुसरं, तुझे हाल मला दिसले नाहीत असं समजू नकोस. झापांच्या वईचा काही भरवसा नाही, हे आपण बघितलंच. पावसाळ्याआधी मी रहाटाभोवती चिर्‍यांचा पक्का गडगा बांधून देतो, चांगला डोक्याच्या वर. म्हणजे पुन्हा कुणी उचलून नेणार नाही आणि तुला कुणाच्या नजरेचा त्रास होणार नाही. गवंड्याला विचारून ठेव.

माझी अडचण तू समजून घेशील. नेहमी घेतेस.

तुझा
श्याम

*

वारे, चैत्र वद्य ८

चि. श्यामला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. वाचून मी घडी करून ठेवलं, कपडे वाळत घातले आणि मग उत्तर लिहायला बसले. म्हणजे रागाच्या भरात लिहिलं असं तुला म्हणता येणार नाही.

गडगा नको. गवंड्याला मी विचारणार नाही आणि तू पाठवलास तर परत पाठवीन. झापांची वई घातली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. भागोजी गेल्याचंही तुझ्यापासून मीच लपवलं, लीलालाही मीच गप्प बसवलं. तेव्हा तिच्याशी नीट बोल, तिची चूक नाही. मला वाटायचं, कुणी बघितलं नाही की कमीपणा येत नाही. पण वईच्या आत बसून बसून मला माझीच लाज वाटायला लागली, आणि लाज वाटण्यासारखं मी काय करत होते ते अजून मला सापडलेलं नाही. झाडांना पाणी घालत होते. आता वई नाही. रोज सकाळी रस्त्यावरून दिसते. सुरुवातीला चार दिवस लोक थांबले. आता ते चालताचालता "काय आक्का" म्हणतात आणि जातात. बाबांना भागोजी नाही हे कळलं. त्या संध्याकाळी स्वतः उठून माझ्यासाठी चुलीवर पाणी ठेवायला गेले आणि हंडा सांडला.

हौसाला मुलगा झाला. भागोजी महिन्याच्या रजेवर आलाय. मी परत येईपर्यंत शिंपणं तो करणार आहे, तेव्हा आगराची काळजी नको.

राहता राहिले बाबा. त्यांना बोट सोसणार नाही हे तू मुंबईत बसून ठरवलंस. मी त्यांना विचारलं. म्हणाले, "मुंबई बघितली नाही ती नाहीच, पण नातीचं लग्न बघणार. पडावात उचलून घाला मला." तेव्हा तुझी अडचण मी बरोबर घेऊनच येते. आम्ही लग्नाच्या पाच दिवस आधीच्या बोटीनं निघतो.

तुला भीती कशाची आहे ते मला कळतं. माझीही तीच आहे. त्या पोरीच्या सुखात माझ्यामुळं खडा पडला तर मी कुठं तोंड लपवू? पोफळी जळल्या तरी चालतील, पण ते नको. म्हणून मी दोन पत्रं लिहून फाडली. एकात येत नाही म्हणून लिहिलं होतं. मग परवा सुमेधाचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: आत्या, तू कोण ते मी माझ्या तोंडानं सांगणार होते, पण माझे बाबा समोर होते, माझी जीभ उचलली नाही. सोळा वर्षांच्या मुलीला सासरी जाताना हे ओझं बरोबर द्यायचं? तिथं तिला उभा जन्म काढायचाय. पहिल्याच दिवशी तिनं शिकायचं काय, की कष्टाचं माणूस आपलं म्हणायचं नाही?

तर मी येते. भिंतीला टेकून मागंच बसेन, पुढं येणार नाही. आपण होऊन एक शब्द बोलणार नाही. पण कुणी विचारलं, तर खोटं बोलणार नाही. भाऊसाहेबांनी ओळखलं, तर ओळखू देत. तोंड एकदा फिरवलं, तेवढं पुरे.

तू लहान होतास तेव्हा फार भित्रा होतास, अंधारात मला हाक मारायचास. मला तुझा राग येत नाही रे. नुसतं दुखतं. तेवढं सोसत सोसतच मी बोटीत चढणार आहे.

बाबांचं पाऊल आता लडखडतं, माझाही गुडघा वळत नाही. आम्हाला उतरवून घ्यायला धक्क्यावर तू स्वतः ये. गडी पाठवू नकोस.

तुझी बहीण
आक्का